वाचकांचा नाटककार : श्रीपाद कृष्ण कोल्हटकर

मराठीच्या विद्यार्थ्याला श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे नाव प्रथम भेटते ते शाळेत, महाराष्ट्रगीताचे कर्ते म्हणून. पुढे 'सुदाम्याचे पोहे' या विनोदी लेखसंग्रहाच्या निमित्ताने त्याची पुन्हा गाठ पडते, आणि पदव्युत्तर वर्गात पोचल्यावर नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात, किर्लोस्कर-देवल आणि खाडिलकर-गडकरी या दोन जोड्यांच्या मधल्या जागेत, ते पुन्हा समोर येते. या तिन्ही भेटी पुस्तकातल्या आहेत. यवतमाळ, वणी किंवा पुसद येथे मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने 'मूकनायक'चा प्रयोग पाहिला असण्याचा संभव जवळजवळ नाही. त्याच्या शिक्षकानेही तो पाहिलेला नसतो. देवलांचे 'संशयकल्लोळ' मात्र त्याला निदान ध्वनिमुद्रित पदांतून ठाऊक असते. एकाच कालखंडातल्या, एकाच नाटक मंडळीशी संबंध आलेल्या दोन नाटककारांच्या सुखात्मिकांच्या वाट्याला इतके वेगळे भवितव्य का यावे, हा प्रश्न कोल्हटकरांचे चरित्र पाहताना बाजूला ठेवता येत नाही. कारण त्यांच्या आयुष्यातील यश आणि विफलता या दोहोंचा उगम एकाच ठिकाणी आहे. त्यांनी सुखात्मिका पाहण्याइतकीच, किंबहुना पाहण्यापेक्षा अधिक, वाचली होती.

कोल्हटकरांचा जन्म २९ जून १८७१ रोजी नागपूर येथे झाला. त्यांची जडणघडण मात्र वऱ्हाडातली. १८५३ साली निजामाकडून इंग्रजी अंमलाखाली आलेला हा मुलूख १९०३ साली मध्यप्रांताला जोडला जाईपर्यंत वेगळ्या व्यवस्थेखाली होता, आणि ज्याला आज यवतमाळ जिल्हा म्हणतात तो त्या काळी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. कापसाच्या व्यापाराने अमरावती, अकोला, खामगाव ही गावे संपन्न होत होती. त्या पैशाच्या मागोमाग नाटक मंडळ्याही वऱ्हाडात येत होत्या. नाटकवेड हे तेव्हाच्या वऱ्हाडी सुशिक्षिताचे एक लक्षणच होते म्हणावे लागेल. १९०५ साली मुंबईस भरलेल्या पहिल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांकडे गेले, हा केवळ योगायोग नव्हे. अशा वातावरणात कोल्हटकरांचे शालेय शिक्षण अकोल्यास झाले आणि नाटकाची ओढ त्यांना शाळकरी वयातच लागली.

उच्च शिक्षणासाठी ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले आणि १८९१ साली बी. ए. झाले. त्या काळच्या अभ्यासक्रमाची रचना येथे लक्षात घेतली पाहिजे. मुंबई विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून देशी भाषा हद्दपार झाल्या होत्या. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रयत्नांनी मराठीला एम. ए. च्या परीक्षेत स्थान मिळाले ते शतक उलटताना. त्यामुळे १८९० च्या सुमारास पुण्यात शिकणाऱ्या मराठी तरुणाच्या दृष्टीने नाट्यवाङ्मयाचे दोन सरळ भाग पडत. शेक्सपिअर आणि कालिदास हे परीक्षेसाठी. किर्लोस्करांचे 'शाकुंतल' व 'सौभद्र', देवलांचे 'मृच्छकटिक' हे आनंदासाठी. पहिला भाग दिवसा, कोशाच्या आणि टीकेच्या साहाय्याने वाचायचा. दुसरा रात्री नाट्यगृहात अनुभवायचा. 'मृच्छकटिक' तर दोन्हीकडे होते. शूद्रकाचे प्रकरण संस्कृताच्या अभ्यासात आणि देवलांचे संगीत नाटक रंगमंचावर.

कोल्हटकरांचे वेगळेपण असे की, परीक्षेसाठी वाचलेल्या सुखात्मिका त्यांनी परीक्षेपुरत्या ठेवल्या नाहीत. शेक्सपिअरच्या आनंदपर्यवसायी नाटकांचा आणि मोलिएरच्या प्रहसनांचा त्यांच्या मनावर खोल संस्कार झाला. मोलिएर तेव्हा मराठीला अपरिचित नव्हता. हरिभाऊ आपट्यांनी 'मारून मुटकून वैद्यबुवा' आणि 'जबरीचा विवाह' ही रूपांतरे केली होती. देवलांचे 'फाल्गुनराव' १८९३ साली आले, त्याचे मूळ मोलिएरच्या एका प्रहसनात असून ते आर्थर मर्फी या इंग्रजी नाटककाराच्या रूपांतरातून मराठीत उतरले. शेक्सपिअरकडे पाहिले तर वासुदेव बाळकृष्ण केळकरांची 'त्राटिका' १८९१ सालची. म्हणजे पाश्चात्त्य सुखात्मिका मराठीत येण्याचा रूढ मार्ग रूपांतराचा होता. तयार संविधानक घ्यावे, नावे-गावे बदलावीत, येथील घरात ते बसवावे. कोल्हटकरांनी हा मार्ग नाकारला. एकही संविधानक जसेच्या तसे न उचलता, वाचनातून हाती आलेल्या नाट्यतत्त्वांवर स्वतंत्र मराठी सुखात्मिका उभी करायची, ही त्यांची महत्त्वाकांक्षा होती. पौराणिक कथा आणि भाषांतर या दोन आधारांवाचून संगीत नाटक लिहिता येते, हे त्यांनी सिद्ध केले आणि तेवढ्यापुरते तरी त्यांचे ऋण निर्विवाद आहे.

नाटककार होण्याआधी ते टीकाकार झाले. माधवराव पाटणकरांचे 'विक्रम-शशिकला' हे नाटक लोकप्रियतेच्या शिखरावर असताना 'विविधज्ञानविस्तार'मध्ये त्यांनी त्याची सविस्तर परीक्षा केली आणि या एका लेखाने त्यांचे नाव झाले. प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेले नाटक वाचकाच्या कसोटीला उतरत नाही, हे दाखवणे हे त्या लेखाचे कार्य होते. नाटक हे वाङ्मय आहे आणि म्हणून त्याचा निवाडा नाट्यगृहातील टाळ्यांनी होऊ शकत नाही, ही भूमिका तेव्हा नवी होती. पुढील आयुष्यात प्रेक्षकांनी ज्या नाटककाराकडे पाठ फिरवली त्याच्या वाङ्मयीन जीवनाचा आरंभ प्रेक्षकांच्या अभिरुचीवरील खटल्याने व्हावा, यात काही एक सुसंगती आहे. पाटणकरांच्या पक्षाने अर्थातच असे म्हणता आले असते की नाटक करून पाहावे, मग कळेल.

बी. ए. नंतर कायद्याच्या अभ्यासासाठी कोल्हटकर मुंबईस गेले आणि १८९७ साली एल्एल्. बी. झाले. मुंबईत त्यांना पारशी आणि उर्दू-गुजराती रंगभूमीचा परिचय झाला. त्या नाटकांच्या चटपटीत, हलक्या चालींनी त्यांना भुरळ घातली. किर्लोस्करी संगीताची घडण कीर्तन, साकी-दिंडी आणि कर्नाटकी चाली यांतून झालेली होती. तिच्या सौम्य प्रवाहात कोल्हटकरांनी पारशी चाली आणल्या. कायद्याचे शिक्षण संपण्याआधीच, १८९६ साली, त्यांचे 'वीरतनय' किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. पंचविशीतल्या वऱ्हाडी तरुणाचे पहिले नाटक महाराष्ट्रातील सर्वांत प्रतिष्ठित मंडळीने करावे, आणि त्यात भाऊराव कोल्हटकरांसारख्या नटाने काम करावे, हे भाग्य थोड्यांच्या वाट्याला येते. (भाऊराव, 'भावबंधन'चे घनश्याम चिंतामणराव आणि नाटककार श्रीपाद कृष्ण हे तीन कोल्हटकर उत्तरपत्रिकांतून वारंवार एकमेकांत मिसळतात, निदान शिक्षकांनी तरी ते वेगळे ठेवावेत.)

वकिलीसाठी कोल्हटकर वऱ्हाडात परतले. अकोला, जळगाव जामोद आणि खामगाव ही त्यांच्या व्यवसायाची गावे. यांपैकी जळगाव जामोद हे सातपुड्याच्या पायथ्याचे, रेल्वेपासून बाजूला पडलेले तालुक्याचे गाव. मराठी नाट्यलेखनाची केंद्रे पुणे व मुंबई, नाटक मंडळ्यांची बिऱ्हाडेही तिकडेच, आणि नाटककार मात्र पक्षकारांच्या गराड्यात इकडे. देवल हे तालीममास्तर होते. नटाच्या तोंडी वाक्य कसे बसते, कोठे अडते, प्रेक्षक कोठे हसतो आणि कोठे जांभई देतो, हे ते रोज पाहत. त्यांच्या भाषेतील घरगुती साधेपणा हा या पाहण्याचा परिणाम आहे. कोल्हटकरांना रंगमंचाचा असा रोजचा सहवास लाभला नाही. नाटक लिहून मंडळीकडे पाठवावे, तालमीसाठी अधूनमधून जावे, आणि पुन्हा कोर्टाच्या तारखांना परतावे. त्यांच्या टेबलावर पुस्तके होती आणि समोर प्रेक्षक नव्हता. ही परिस्थिती त्यांच्या नाट्यकृतींच्या वाक्यावाक्यांतून जाणवते.

१९०१ साल किर्लोस्कर मंडळीला कठीण गेले. फेब्रुवारीत भाऊराव वारले. त्याच वर्षाचे 'मूकनायक' आणि त्यानंतरचे 'गुप्तमंजूष' (१९०३) व 'मतिविकार' (१९०७) या नाटकांनी मंडळीला नवे संगीत आणि नवा विषय पुरवला. १९०५ साली मंडळीत आलेल्या बालगंधर्वांनी यांतील स्त्रीभूमिका केल्या आणि काही काळ कोल्हटकर हे संगीत रंगभूमीचे अग्रगण्य नाटककार होते. या नाटकांचे सामाजिक आशय आज वाचतानाही दुर्लक्षिता येत नाहीत. 'मूकनायक'मध्ये मद्यपानाचा निषेध आहे, 'गुप्तमंजूष'मध्ये स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार, 'मतिविकार'मध्ये विधवेच्या पुनर्विवाहाचा प्रश्न. (बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली सुरू केलेल्या 'मूकनायक' पत्राचे नाव तुकोबांच्या अभंगावरून घेतलेले आहे, या नाटकाशी त्याचा संबंध नाही.)

समाजातील एक दोष निवडावा आणि त्याला हास्याच्या आघाताने उघडे पाडावे, ही मोलिएरची रीत. कृपणता, दांभिकता, रोगाचा भ्रम यांपैकी एकेक व्यसन तो एका माणसात एकवटतो आणि त्या माणसाच्या घरात नाटक घडू देतो. कोल्हटकरांनी लक्ष्य मोलिएरचे घेतले, पण मार्ग शेक्सपिअरचा. वेषांतर, ओळख लपवणे, जन्माचे गूढ, काल्पनिक राज्यातले राजपुत्र आणि राजकन्या, योगायोगांची साखळी आणि अखेरीस उलगडा. 'मूकनायक'चा नायक मुकेपणाचे सोंग घेतो. त्या सोंगाभोवती प्रणयाची गुंतागुंत फिरते आणि मद्यपानाचा प्रश्न तिच्या कडेला उभा राहतो. मोलिएरच्या नाटकात कृपण माणूस काढून घेतला तर नाटकच उरत नाही. कोल्हटकरांच्या नाटकातून सामाजिक प्रश्न काढून घेतला तरी संविधानक आपल्या गतीने चालू राहते. दोन महान आदर्शांचा मेळ घालताना सांधा नेमका येथे उघडा राहिला आहे. हे वैगुण्य प्रतिभेच्या अभावाचे नाही. दोन्ही आदर्श ग्रंथरूपाने शेजारी शेजारी ठेवता येतात. रंगमंचावर ते एकाच रात्रीत एकत्र नांदत नाहीत, ही गोष्ट वाचनाने कळत नाही.

हीच गोष्ट संवादांची. कोल्हटकरांची कोटी ही मराठी गद्याला मिळालेली नवी शक्ती होती. शब्दाचे दोन अर्थ, समासाचे दोन विग्रह, म्हणीची उलटापालट, प्रश्नाला उत्तर देताना प्रश्नातल्याच शब्दाला दिलेली बगल, या सर्वांतून त्यांचा संवाद पुढे सरकतो. वाचकाला त्याचा आनंद मिळतो, कारण वाचक थांबू शकतो; मागे जाऊन विग्रह पुन्हा करून पाहू शकतो. प्रेक्षकाला ही सोय नाही. पहिली कोटी त्याच्या ध्यानात येईपर्यंत नट तिसरीवर पोचलेला असतो. शिवाय राजपुत्र, त्याचा सेवक, नायिका आणि तिची सखी हे सर्व सारख्याच तल्लखपणे बोलतात, त्यामुळे बोलण्यावरून माणूस ओळखता येत नाही. वऱ्हाडात आयुष्य घालवलेल्या या लेखकाने कोर्टाच्या आवारात रोज कानांवर पडणारी वऱ्हाडी बोली नाटकात आणली असती तर काय झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. परंतु तो काळाबाहेरचा आग्रह ठरेल. तेव्हाच्या संगीत नाटकाची भाषा ठरलेली होती, आणि वऱ्हाडातून पुण्याकडे पाहणाऱ्या लेखकाला प्रमाण भाषेवरील प्रभुत्व सिद्ध करण्याची निकड पुणेकरापेक्षा अधिक वाटली असल्यास नवल नाही.

कोर्टाचे आवार नाटकात आले नाही, पण ते निबंधात आले. १९०२ साली 'विविधज्ञानविस्तार'मध्ये त्यांचा 'साक्षीदार' हा विनोदी लेख प्रसिद्ध झाला आणि मराठीत एका नव्या वाङ्मयप्रकाराचा आरंभ झाला. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे तीन मित्र एकामागून एक विषय हाती घेत गेले. सणवार, व्रते, मुहूर्तांची भीती, लग्ने, संमेलने यांपैकी काहीच त्यांच्या तावडीतून सुटले नाही. १९१० साली अठरा लेखांचा संग्रह निघाला तेव्हा त्याला अठरा धान्यांच्या कडबोळ्याची उपमा मिळाली. पुढे लेख बत्तीस झाल्यावर ती 'साहित्यबत्तिशी' झाली. धर्माच्या नावाखाली चालणाऱ्या रूढींवर आगरकरांनी तर्काने प्रहार केला होता. कोल्हटकरांनी त्याच रूढींवर त्यांचे पालन करणाऱ्यालाच बोलते करून आघात केला. सुदामा रूढीचा समर्थक म्हणून बोलतो आणि समर्थन जितके निष्ठेने करतो तितकी रूढी हास्यास्पद होते. हे तंत्र नाटकाचे आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. नाटकात ज्याची उणीव भासते ती गोष्ट, म्हणजे बोलण्यातून स्वतःचे स्वरूप उघड करणारा माणूस, कोल्हटकरांना निबंधात साधली. मोलिएरचे खरे ऋण शोधायचे तर ते 'वीरतनय'मध्ये शोधण्यापेक्षा 'साक्षीदार'मध्ये शोधावे. येथे चाली नव्हत्या, वेषांतरे नव्हती, आणि कोटीसाठी वाचकाला हवा तितका वेळ होता.

रूढींची थट्टा करणाऱ्या या लेखकाने 'भारतीय ज्योतिर्गणित' हा गणिती ग्रंथही सिद्ध केला, याचा उल्लेख चरित्रात केला पाहिजे. ग्रहांच्या गतीचा हिशेब ठेवणारा माणूस ग्रहांच्या कोपाला भिणाऱ्यांना हसतो, यात विसंगती नसून तोच त्याचा अधिकार आहे.

१९११ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचे 'मानापमान' आणले. गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी संगीत नाटकाचा कान बदलला. पारशी चालींचे नावीन्य एकाएकी जुने झाले. कोल्हटकरांचे 'प्रेमशोधन' त्याच वर्षीचे. १९१३ साली बालगंधर्व मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. देवलांनी आपल्या 'फाल्गुनराव'ला पदांची जोड देऊन केलेले 'संशयकल्लोळ' १९१६ साली, देवलांच्या निधनानंतर, या मंडळीने रंगभूमीवर आणले. ज्या नाटकाचे संविधानक परके आणि आधीच दोन हातांतून गेलेले होते ते मराठी प्रेक्षकाचे घरचे झाले. ज्यांची संविधानके सर्वस्वी स्वतःची होती ती कोल्हटकरांची नाटके मागे पडत गेली. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांचा संशय समजायला कोश लागत नाही. एक तसबीर चुकीच्या हाती पडते एवढ्या बळावर नाटक चालते आणि प्रत्येक पात्र आपापल्या गैरसमजाशी प्रामाणिक राहून बोलते. 'वधूपरीक्षा' (१९१४), 'सहचारिणी' आणि 'जन्मरहस्य' (दोन्ही १९१८) ही नाटके कोल्हटकर लिहीत राहिले; परंतु पहिल्या नाटकांचे यश त्यांना पुन्हा लाभले नाही.

या काळात त्यांच्या वाट्याला आलेला मोठा आनंद आणि मोठे दुःख ही दोन्ही एकाच व्यक्तीमुळे आली. राम गणेश गडकरी १९०६ साली किर्लोस्कर मंडळीत आले होते आणि कोल्हटकरांना ते गुरू मानीत. गुरुशिष्याचे हे नाते एकलव्याचे नव्हते. ते सहवासाचे आणि पत्रव्यवहाराचे होते. गडकऱ्यांनी गुरूची कोटी घेतली, कल्पनाविलास घेतला, सुदाम्याच्या धर्तीवर 'बाळकराम' निर्माण केला. मात्र गडकरी नाटक मंडळीत राहिले होते. विसराळू गोकुळ रंगमंचावर आला की त्याच्या पहिल्या वाक्यापासून प्रेक्षक त्याला ओळखतो, कारण त्याचा विनोद शब्दात असतो तसा स्वभावातही असतो. गुरूने 'मूकनायक'मध्ये हाताळलेला मद्यपानाचा विषय शिष्याने 'एकच प्याला'मध्ये घेतला तेव्हा तो कडेला राहिला नाही. त्याने नाटकच गिळले. कोल्हटकरांनी या शिष्याचा मत्सर केला नाही. त्याच्या उत्कर्षात त्यांना स्वतःच्या मार्गाचे समर्थन दिसत असावे. परंतु २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे गडकरी वारले, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी. 'एकच प्याला' आणि 'भावबंधन' यांचे यश त्यांनी पाहिले नाही. ते गुरूला पाहावे लागले.

गडकऱ्यांमागून वि. स. खांडेकर आले. खांडेकरांनीही कोल्हटकरांचे शिष्यत्व उघडपणे मिरवले आणि आरंभीचे विनोदी लेखन त्यांच्या छायेत केले. पुढे त्यांचा मार्ग कादंबरीकडे वळला. गडकऱ्यांना गुरू मानणाऱ्या आचार्य अत्र्यांचे 'साष्टांग नमस्कार' १९३३ साली, म्हणजे कोल्हटकरांच्या निधनापूर्वी वर्षभर आधी, रंगभूमीवर आले. गद्य, आधुनिक, एकेका छंदाने पछाडलेल्या माणसांची ती सुखात्मिका पाहिली तर मोलिएरचा धागा दोन पिढ्यांनंतर कोठे पोचला हे दिसते. अत्रे शिक्षक होते आणि शालेय वाचनमालाही त्यांनी घडवल्या, हे येथे केवळ विषयाच्या ओघात.

उत्तरायुष्यात सन्मान आले. १९२७ साली पुण्यास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९२३ साली 'परिवर्तन', पुढल्या वर्षी 'शिवपावित्र्य', १९२९ साली 'श्रमसाफल्य' ही नाटके आली. 'गीतोपायन' हा काव्यसंग्रह आणि दोन कादंबऱ्या निघाल्या. समकालीनांच्या ग्रंथांवर त्यांनी प्रदीर्घ परीक्षणे लिहिली. न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड'चे परीक्षण हा त्यांच्या टीकापद्धतीचा उत्तम नमुना आहे. गुण आणि दोष वेगवेगळे मोजायचे, प्रत्येक प्रसंग तपासायचा, विसंगती नोंदवायची, अशी ती वकिली शिस्तीची पद्धत. तिला आज कोणी रसग्रहण म्हणणार नाही. पण नाटकाची संहिता इतक्या बारकाईने वाचावी लागते ही सवय मराठी अभ्यासकाला लावण्यात तिचा मोठा वाटा आहे. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि नाटके महाविद्यालयात नेमली जाऊ लागली, तेव्हा शिक्षकांनी वापरलेली चौकट पुष्कळ अंशी कोल्हटकरांच्या परीक्षणांतून आलेली होती. संविधानक, स्वभावचित्रण, संवाद, विनोद, उद्देश हे रकाने आजही उत्तरपत्रिकांतून सुटलेले नाहीत. कोल्हटकरांच्या नाटकांना ते लावले की प्रत्येक वेळी स्वभावचित्रणाच्या रकान्यात उणे पडते, आणि विद्यार्थी पुढच्या नाटककाराकडे वळतो.

येथे एक वेगळा विचार संभवतो. कोल्हटकरांच्या विद्यार्थिदशेत मराठी नाटक आनंदासाठी होते आणि इंग्रजी-संस्कृत नाटक परीक्षेसाठी. त्यांनी परीक्षेच्या पुस्तकांत आनंद शोधला आणि त्यातून मराठी नाटक घडवले. पुढे मराठी नाटकच परीक्षेचे पुस्तक झाले. 'मूकनायक' वर्गात मोठ्याने वाचले, भूमिका वाटून घेऊन, घाई न करता, तर कोट्या उलगडतात आणि वर्ग हसतोही. टिपणवहीत उतरवले तर काहीच उरत नाही. यवतमाळ जिल्ह्यासारख्या भागात, जेथे व्यावसायिक नाटकाचा दौरा ही विरळा घटना आहे, तेथे नाटक प्रथम वाचूनच भेटणार. देवलांचे नाटक अशा वाचनात थोडे फिके वाटते, कारण त्याचे अर्धे बळ नटाच्या चेहऱ्यावर आणि गळ्यात आहे. कोल्हटकरांचे नाटक मात्र ज्या अवस्थेत लिहिले गेले त्याच अवस्थेत वाचकाला भेटते. मोठ्या शहरापासून दूर, पुस्तकातून, सोबतीला नाट्यगृह नसताना.

कोल्हटकरांचे निधन १ जून १९३४ रोजी झाले. त्या सुमारास मराठी रंगभूमीचे दिवस पालटले होते. १९३२ साली मराठी बोलपट आला होता, १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'ने नव्या नाट्यतंत्राची दिशा दाखवली होती, आणि ज्या मंडळ्यांसाठी त्यांनी लेखन केले त्या मोडकळीस आल्या होत्या किंवा बंद पडल्या होत्या. १९३५ साली त्यांचे 'आत्मवृत्त' वाचकांच्या हाती आले. 'मायाविवाह' हे त्यांचे बारावे नाटक छापून निघाले ते १९४६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी.